नफीसा, तुझ्यासाठी कोण रडलं

नफीसा, तू गेलीस त्याला अजून आठवडाही झाला नाही, आणि मला तुझा राग येतोय. खरं सांगते, दुःखाच्या आधी रागच येतो. भांडण अर्ध्यावर टाकून कुणी असं उठून जातं का? मी तावातावानं बोलायला लागले की तू "खलास, हाजरा, चहा टाक" म्हणून विषय मोडायचीस. या वेळीही तसाच मोडलास, फक्त चहाला थांबली नाहीस.

हे मी मराठीत लिहितेय. तुला यातलं अक्षरही वाचता आलं नसतं. पण अरबी मला लिहिता येत नाही, आणि बोलता येते त्या अरबीची तू कमी का टिंगल केलीस! कुराण वाचून आलेली थोडी, शारजाच्या मासळीबाजारात कानावर पडलेली थोडी, असलं माझं कडबोळं. "तू बांगड्याचा भाव विचारतेस तोसुद्धा नमाज पढल्यासारखा," म्हणायचीस. शाळेतल्या मुली तुला अब्ला नफीसा म्हणायच्या, तुमच्या मिस्रमध्ये, म्हणजे इजिप्तात, मास्तरणीला तसंच म्हणतात. आमची लेक लतीफाही त्यातलीच एक. मी मात्र पहिल्यापासून नुसतं नफीसा. रत्नागिरीकडची कपडे शिवणारी बाई आणि नाईलकाठची इतिहासाची मास्तरीण यांचं जमतं कसं, याचं आमच्या ह्यांना अजून नवल वाटतं.

जमलं ते भांडणानंच. मुलींच्या गणवेशाचं कापड घेऊन तू आलीस, माझं नाव विचारलंस आणि दारातच हसायला लागलीस. "हाजरा? मग तू आमच्याकडची! बीबी हाजरा मिस्रची होती, ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं, पण असं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "मिस्र म्हणजे त्या जुलमी राजाचा, फिरऔनचा मुलूख. समुद्रात बुडवलं त्याला अल्लानं. त्याचा कसला एवढा तोरा?" मदरशात आम्हाला तेवढंच शिकवलेलं. तू कापडाची घडी उलगडता उलगडता थांबलीस. "राजा एक होता. त्याच्यासाठी दगड ओढणारी माणसं किती होती? मी त्या माणसांची. आणि तुला अख्ख्या मिस्रमधला तो एकटा बुडलेला माणूस आठवतो, तान्ह्या पोरासाठी पाणी शोधत दोन डोंगरांमधून धावणारी ती हाजरा नाही आठवत?" सूड म्हणून मी गणवेश दोन दिवस उशिरा दिले.

मग तू येतच राहिलीस. शाळा सुटली की थेट माझ्या ओट्यावर. मी मशीन चालवायची, तू बटणं निवडायचीस आणि बोलायचीस. तुझ्या गावची गोष्ट तू इतक्या निवांतपणे सांगितलीस की माझ्याच अंगावर काटा आला. लक्सरच्या समोर, नदीच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर तुमची घरं, आणि ती बांधलेली थेट जुन्या थडग्यांवर. "मागच्या खोलीतून खाली उतरलं की थडगं," तू म्हणालीस. "आम्ही त्यात बकऱ्या बांधायचो. उन्हाळ्यात गार असतं."

त्या बकऱ्यांच्या खोलीत भिंतीवर बायका रंगवलेल्या होत्या. केस मोकळे, हात वर, गालांवर आसवं. त्यांच्यात एक लहान पोरगी, तिचेही हात वर. तुझे आजोबा वारले तेव्हा तुझ्या दादीनं केस सोडले, मूठभर धूळ डोक्यात घातली आणि हात अगदी तसेच वर केले. भोवतीच्या बायकांनीही केले. तू लहान होतीस. कंदील घेऊन धावत खाली गेलीस आणि भिंत बघून आलीस. "इतिहास मी त्या दिवशी शिकले," तू म्हणालीस. "पुढे कॉलेजात नुसत्या परीक्षा दिल्या."

तुझं सगळं शिकवणं तिथूनच निघायचं. लतीफा घरी येऊन सांगायची, अब्ला वर्गात विचारते की राजा मेला तेव्हा त्याच्या भटारखान्यातल्या बाईचं काय झालं. पुस्तकात ते नव्हतं, मुलींना मात्र उत्तर हवं असायचं. मला तू अख्खा इतिहास एका बाहीच्या शिलाईत सांगून टाकायचीस. भिंतीवरच्या बायका एका भाषेत रडल्या. मग ग्रीक आले, रोमी आले, गहू जहाजं भरभरून घेऊन गेले. मिस्रची माणसं क्रूसापुढे वाकायला शिकली. मग अरब आले. कित्येक पिढ्यांनी हळूहळू जीभ बदलली, नमाज आली. काही शेजारी क्रूसापाशीच राहिले, ते अजून तुमच्या गल्लीत आहेत. मग तुर्क, मग फ्रेंच, मग इंग्रज. "जो आला तो म्हणाला, ह्या लोकांचा खरा इतिहास माझ्यापासून सुरू," तू बटण दातात धरून म्हणायचीस. "आणि आमचा शेतकरी पेरणीचा महिना कुठल्या नावानं ओळखतो? त्याच जुन्या नावानं. तूत, बाबा, हातूर. त्याला कुणी शिकवायला गेलं नव्हतं." मी विचारायचे, "मग तुम्ही नक्की कोण?" त्यावर तुझं ठरलेलं, "तीच माणसं, हाजरा. कपडे बदललेली." शिवणारणीला हे असं सांगितलं की ती काय बोलणार?

हसून घेऊ दे जरा, नाही तर पुढचं लिहिता येणार नाही. तो मासा आठवतो? वसंतात तुमचा तो सण असतो, शम्म नसीम, मुसलमान आणि ख्रिस्ती दोघं मिळून करता तो. त्यासाठी तू बोई मासळी खारवून बरणीत भरून माझ्या परसात ठेवली होतीस, कारण तुझ्याबरोबर राहणाऱ्या मास्तरणी वासानं ओरडायच्या. मला तू धड सांगितलं नाहीस आणि मी धड विचारलं नाही. एके दिवशी बरणीजवळ गेले तर नाक सडलं. म्हटलं, बिचारीची मासळी खराब व्हायला लागली, वाचवू या. सात पाण्यांनी धुतली, तिरफळं घातली, आमसुलं घातली आणि फक्कड कालवण केलं. तू सणाच्या सकाळी कांदे घेऊन हजर. पातेल्यात डोकावलीस आणि मटकन खालीच बसलीस. "हाजरा! पाच हजार वर्षं आम्ही हा मासा कच्चा खातोय. ग्रीकांना तो शिजवता आला नाही, इंग्रजांना आला नाही, आणि तू..." तुला हसू की रडू असं झालं होतं. मग भात मागितलास आणि दोनदा वाढून घेतलंस. पुढच्या वर्षी बरणीवर तू फडकं बांधलंस आणि त्यावर दगड ठेवलास, तो दगड अजून परसात पडला आहे.

पण त्याच जेवणावर आपलं खरं भांडण झालं. आमचे हे लाँचवर इंजिनाचं काम बघतात, तेव्हा खोर फक्कान बंदराची फेरी करून आलेले, खुशीत होते. तुला सांगायला लागले की आम्ही कोकणी मुसलमान म्हणजे मूळचे अरबच, आमचे पूर्वज बसऱ्याहून गलबतांतून आले. तू ऐकून घेतलंस. त्यांना काही बोलली नाहीस, मोठा मान ठेवायचीस त्यांचा. ते हात धुवायला उठले तेव्हा मला हळूच विचारलंस, "गलबतांत बायका किती होत्या?"

मला मिरची झोंबली. आमच्या घरात ही गोष्ट कुणी अशी उलटून बघत नाही. सासरे ती सांगताना ताठ बसायचे. मी तणतणले, "असतील की! नसायला काय झालं?" तू म्हणालीस, "भात लावता येणाऱ्या? बसऱ्याच्या बायकांना हे कालवण येत होतं?" मी ताटं आपटत उचलली. तुला हवं होतं की मी म्हणावं, आम्हीही त्याच मातीची माणसं, कपडे बदललेली. मी म्हटलं नाही. इथं शारजात आम्ही हिंदी, आमच्या गावात आम्ही मुसलमान. बसऱ्याचं गलबत तेवढं आमचं स्वतःचं होतं, आणि तू त्याला भोक पाडत होतीस. असं मी तुला त्या वेळी सांगायला हवं होतं. नुसती फणफणत बसले.

मग गेल्या साली, सदुसष्टचा जून आला. इस्रायलशी लढाई जुंपली आणि तुम्ही सगळे मिस्री मास्तर लोक ट्रान्झिस्टरला चिकटलात. रेडिओ ओरडून सांगत होता, जिंकतोय, विमानं पाडतोय. बाजारात लोक तुम्हाला मिठाई देत होते. तुझा धाकटा भाऊ फथी सैन्यात, जहाजं जातात त्या मोठ्या कालव्यापलीकडच्या वाळवंटात. तू माझ्या ओट्यावर येऊन नाचलीस, लतीफाला गरागरा फिरवलंस. चार-सहा दिवसांत तोच रेडिओ मवाळ झाला आणि मग जे कळलं ते सगळ्या जगाला कळलं. बाजारातून तू मान खाली घालून जायला लागलीस. ते मला बघवत नव्हतं.

फथीच्या तुकडीतलं कुणी परत आलं नाही, ही खबर उस्ताद महरूसांनी आणली. तुमच्यातले सगळ्यांत वडीलधारे ते, मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक. खबर दिली आणि लगेच तुला बजावलं, रडायचं नाही. सरकारनं त्याला मेला म्हटलेलं नाही, फक्त सापडला नाही म्हटलंय. तू रडलीस तर तूच त्याला मारलंस असं होईल. शिवाय परक्या मुलखात आपली मान आधीच खाली गेली आहे, आणखी तमाशा नको. तू "बरं" म्हणालीस, उन्हातून चालत माझ्याकडे आलीस आणि दार लावून घेतलंस.

तुला आठवत असेल, मी काय केलं. तू केस सोडलेस, हात वर केलेस, आणि तुझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी घाबरले. शेजारची उम्म सईद, म्हणजे सईदची आई, ऐकेल, उस्तादांच्या कानावर जाईल. मी मशीनवर बसले आणि दोरा न ओवता मशीन चालवायला लागले, धडधड, जितकी जोरात चालेल तितकी. तू भावाला हाका मारत होतीस. पणजोबाला दोरी बांधून कालवा खणायला नेलं, तो आला नाही. तू त्याच कालव्यापलीकडे गेलास, तूही आला नाहीस. त्या कालव्यानं आपल्या घरातली दोन माणसं खाल्ली, माझ्या सिंहा, असं काही तरी. थोडंच कळलं मला. मी पाय मारत राहिले आणि मधूनमधून ओरडत राहिले, "सबर कर, नफीसा, सबर! हे असं रडणं हराम आहे!"

तू शांत झालीस तेव्हा माझ्यावर उखडलीस. "हराम! तुझ्या मशीनचा आवाज चालतो, माझा नाही?" मी म्हटलं, आमचे मौलवी सांगतात, नाव घेऊन, छाती पिटून रडलं की मय्यतीला त्रास होतो. यावर तू जे बोललीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "मग मी मेले की मला होऊ दे त्रास. कुणी तरी आहे एवढं तरी कळेल. मी इथं मेले तर तू रडशील, हाजरा? डोळे टिपणं नाही. माझं नाव घेऊन, मोठ्यानं?" मी म्हटलं, "वेडी आहेस. तुझ्याआधी मीच जाईन." तू म्हणालीस, "हे उत्तर नाही." मी म्हटलं, "मला गुनाह करायला सांगू नकोस." तू केस बांधलेस आणि गेलीस. त्यानंतर आपण पुन्हा बोललो, हसलो, मासे खाल्ले, पण ते तसंच लोंबकळत राहिलं. तूही परत विचारलं नाहीस. आणि फथीचं नाव तर कुणासमोर काढलंच नाहीस.

कावीळ झाली तेव्हा तू मला म्हणालीस, "बघ, फिरऔनच्या मुखवट्यासारखी सोन्याची झाले." मी रागावले. दुबईच्या इस्पितळात जायच्या दिवशी मी तुझी वेणी घातली. तू माझा हात धरून ठेवलास. मला वाटलं, आता विचारेल. तू विचारलं नाहीस, आणि मीही आपणहून बोलले नाही. मी नुसतं म्हटलं, "इन्शाल्ला, लवकर परत येशील." असलं बोलायला काय लागतं?

तुला आणलं आणि त्याच दिवशी दुपारी नेलं. तुमच्या गावची काळी माती तुला मिळाली नाही, इथल्या वाळूत ठेवलं. आंघोळ घालणाऱ्यांत मी होते. तुझे केस मी धुतले. इथल्या बायका चांगल्या आहेत गं, हळू आवाजात दुआ करत होत्या, एकमेकींना सबर सांगत होत्या. मीही ओठ मिटून होते. पुरुष तुला घेऊन गेले, बायका मय्यतीबरोबर जात नाहीत, दार बंद झालं. एवढी बडबडी तू, आणि तुझ्या घरात तेव्हा पाणी निथळण्याचा आवाज तेवढा येत होता. तुझी आई तिकडे दोन पोरांची वाट बघत बसली असणार, तिला कुणी कळवलं असेल की नाही तेही मला ठाऊक नव्हतं.

आता पुढचं मी आमच्या मौलवींना कधी सांगणार नाही. तुला सांगते.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी लोक जमले. आतल्या खोलीत बायका, बाहेर पुरुष, मध्ये पडदा. बाहेर कुराण पढणं चाललं होतं, कडू कॉफी फिरत होती. तुझ्या मास्तरणी मैत्रिणी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे सुजलेले, तोंडं घट्ट मिटलेली. त्यांनाही उस्तादांनी बजावलं होतं म्हणे. मी बसले होते तिथं मला सारखं वाटत होतं की तू कुठं तरी उभी राहून ऐकतेयस, आणि तुला काहीच ऐकू येत नाहीये. कुणीच नाही असं तुला वाटत असेल. मला तो विचार सहन होईना. पढणं संपलं, दुआ झाली आणि मी उठून उभी राहिले. का उठले ते मलाही कळलं नाही.

तुझ्यासारखं रडणं मला येत नव्हतं, नफीसा. अरबीतला एक शब्द आठवेना. जे तोंडातून आलं ते माझ्या दादीचं आलं. माझे आजोबा खाडीत बुडून गेले तेव्हा ती अशीच अंगणात बसून हेल काढून रडली होती, त्यांचा एकेक गुण घेऊन. मौलवी रागवले होते तिला. शेजारच्या कुणबी बायका येऊन तिच्या गळ्यात पडल्या, त्यांचाही हेल तोच. मी तेव्हा पोर होते, विसरूनच गेले होते सगळं. तो हेल काही बसऱ्याच्या गलबतातून आला नव्हता. तू जिंकलीस, बाई.

"अगो माझे बाय गो," मी सुरू केलं. "पोरींना शहाणं करणारी माझी नफीसा गो. दातांनी कांदा फोडणारी गो. माझ्याशी भांडायला कोण येईल गो." माझे हात वर गेले होते, ते मला नंतर कळलं. उम्म सईदनं माझा दंड धरला. "बस, हाजरा, बस. हराम आहे. अल्लाचं नाव घे." ती माझ्या भल्यासाठीच सांगत होती. मला थांबता आलं नाही. गुनाह झाला असेल, तर झाला. रोज नमाजेत माफी मागते, आणि पुन्हा वेळ आली तर तसंच करीन असंही वाटतं, आता ह्याचा मेळ मी कसा घालू?

मग तुझ्या मैत्रिणींतली एक उठली. तिनं डोक्यावरचा रुमाल ओढून काढला, केस सोडले. दुसरी उठली. त्यांच्या तोंडून तो आवाज निघाला, तुझा, दार लावून काढलेला. माझं मराठी आणि त्यांचं अरबी एकाच वेळी चाललं होतं आणि प्रत्येक ओळीत तुझं नाव होतं. भिंतीकडे सरकून बसलेल्या इथल्या बायका आमच्याकडे बघत होत्या, काही जणी रडायला लागल्या होत्या.

पडद्यापलीकडे कुणी तरी खाकरलं. उस्ताद महरूस. सगळ्या एकदम गप्प झाल्या. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस सगळ्यांसमोर आपल्याला घराबाहेर काढणार. मी पदर सावरला आणि मनातल्या मनात तुझी माफी मागितली.

"उम्म लतीफा," ते पलीकडून म्हणाले. आवाज बसला होता.

"जी, उस्ताद."

कॉफीचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "त्याचंही नाव घ्या. फथीचं."

मी घेतलं, नफीसा. आधी तुझं, मग त्याचं. पलीकडे तो माणूस मोठ्यानं रडत होता, आणि त्याला सबर कर म्हणायला कुणी पुढं झालं नाही.